लॉरीतली पुढची जागा

“उत्तरा पुढं बसेल, ड्रायव्हरच्या केबिनीत,” माईंनी जाहीर केलं आणि लॉरीभोवती जमलेल्या सगळ्या वाडीला जे कळायचं ते कळलं.

आता वाडीला ते आधीच कळलं नव्हतं असं थोडंच आहे! पार्ल्याच्या त्या वाडीत बायकांच्या गोष्टी लपवायला जागा होती कुठं? विहीर एक, मागचं अंगण सामाईक, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या मागल्या पडवीत एक कोपरा. महिन्याचे ते चार दिवस घरातली बाई त्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बाजूला बसली की पाणी शेंदायला आलेल्या सगळ्यांना दिसायची. नाही बसली, तर तेही दिसायचं. गद्र्यांच्या माईंची थोरली सून उत्तरा दोन महिने कोपऱ्यात दिसली नव्हती, आणि लग्नाला तर सात वर्षं होऊन गेलेली. मग काय विचारता! समोरच्या बिऱ्हाडातून आवळे आले, वरच्या माळ्यावरून चिंचेचा गोळा आला. तिचा नवरा विद्याधर एकदा भीत भीत म्हणाला, “डॉक्टरला दाखवून आणू का हिला?” तर माई त्याच्यावर खेकसल्या, “तिसरा सरल्याशिवाय कुठं बोभाटा नको!” आणि बोभाटा चालवला होता तो त्यांनीच.

ते असो. सव्वीस जानेवारीची रोषणाई बघायला मुंबईत जायचं असं वाडीनं ठरवलं होतं. प्रजासत्ताक नवं नवं होतं, आणि त्याचा दिवस आला की सगळ्या फोर्टात दिवे लागायचे. साकीनाक्याच्या खाणीवरून खडी वाहणारी एक लॉरी भाड्यानं मिळाली होती. काशीराम ड्रायव्हरनं ती सकाळपासून धुतली होती, पण खडीची धूळ ती, फळ्यांच्या फटीतून निघतच होती. वर सतरंज्या पसरल्या, पुऱ्यांचे डबे चढले, बायका चढल्या, पुरुष कडेनं उभे राहिले.

“मला दोन्ही खेपेला कुणी नाही हो पुढं बसवलं,” धाकटी जाऊ नीला लॉरीत चढता चढता म्हणाली. कडेवरच्या मुलीला तिनं आधी वर दिलं होतं आणि थोरला मुलगा पदराला लोंबकळत होता.

“तुला कशाला बसवायचं? तू तर शेवटच्या दिवसापर्यंत विहिरीवर धुणं आपटत होतीस,” माई म्हणाल्या. “जिचं तिचं नशीब. चढ तू उत्तरे, जपून. उजवा पाय आधी.”

उत्तरे! सात वर्षं ‘अगं ए’ आणि ‘ऐकलंस का’ ऐकणाऱ्या उत्तराला या दोन महिन्यांत तिचं नाव परत मिळालं होतं. विहिरीवरून पाणी आणणं बंद झालं होतं. रात्री दुधाचा पेला यायचा, तोही साय न काढता. एकदा माईंची पेटी आवरताना तिला तळाशी दोन दुपटी दिसली होती. माईंच्या जुन्या लुगड्यांची, हातानं शिवलेली, टाके थोडे वेडेवाकडे, कारण माईंना आता सुईत दोरा ओवताना दिसत नसे. उत्तरानं ती होती तशी ठेवून दिली आणि मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं होतं. आनंदानं माणूस इतकं रडतं हे तिला माहीत नव्हतं.

आज सकाळपासून तिची कंबर दुखत होती. एवढ्या पुऱ्या लाटल्या, दुखणारच, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

केबिनमध्ये काशीराम, मधे माई आणि खिडकीशी उत्तरा. मागं एक चौकोनी भोक होतं, जाळी लावलेलं. त्यातून लॉरीतल्यांचा गलका आत यायचा.

“वयनी, पाय वर घ्या जरा,” काशीराम म्हणाला. “इंजान तापतं खालनं. चटका बसल.”

“हळू हाक रे बाबा,” माई म्हणाल्या. “खड्डा बघून घे.”

“माई, खडी वाहतो मी. पर आज अंडी भरल्यात असं समजून चालवतो, मग तर झालं?”

माई चक्क हसल्या. माईंना हसवणं ही काही साधी गोष्ट नव्हे. त्यांचं सोवळं म्हणजे अख्ख्या वाडीत एक प्रकरण होतं. नीलाच्या मुलानं ऐन पूजेच्या वेळी शिवलं म्हणून पौषाच्या पहाटे दोनदा डोक्यावरून गार पाणी घेणारी बाई ती. सुनेनं बाजूला बसायचं तर पुरते चार दिवस, सावलीसुद्धा पाटावर पडता कामा नये. चहा द्यायचा तोही हातभर वरून, पेल्यात धार सोडून.

माहीम आलं तशी माईंनी पायाशी ठेवलेली करंडी उचलली. तिच्यात खण होता, नारळ, तांदूळ, हळकुंडं आणि सुपारी.

“धर. तुझ्या मांडीवर असू दे,” त्या म्हणाल्या. “परतताना महालक्ष्मीला थांबायचं. तू आपल्या हातानं ओटी भरायचीस देवीची. मी बोलले आहे तिच्याशी.”

उत्तरानं करंडी मांडीवर घेतली.

वरळीला समुद्र दिसला. मागं पोरांनी आरडाओरडा केला. सूर्य पाण्यात उतरत होता, आणि माई ‘बघ, बघ’ म्हणून दाखवत होत्या. त्याच वेळी कंबरेतली कळ पोटात उतरली आणि उत्तराला कळलं. अशा वेळी बाईला कुणी सांगावं लागत नाही. तिनं डोळे मिटून घेतले. नाही, नसेल, असं मनात म्हणून पाहिलं. परत एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणणं सोडून दिलं.

आणि मांडीवर देवीची ओटी!

आता करायचं काय? सांगावं, तर कसं सांगावं? शेजारी परका पुरुष, मागं सगळी वाडी. सांगितलं की माई आधी अंग आखडून घेणार आणि तेवढ्यावरून काशीरामलाही समजणार. लॉरी थांबणार. सगळे विचारणार, काय झालं, काय झालं. मग तिला बसवणार कुठं? न शिवता बसायला या लॉरीत वीतभर तरी जागा होती का? रडायचं म्हटलं तर माणूस चोरून रडू शकतं. हे दुःख असलं मेलं, की चारचौघांत बाजूला बसून जाहीर केल्याशिवाय भोगतासुद्धा येत नाही.

आणि न सांगावं, तर पुढं महालक्ष्मी. उत्तरा काही देवाधर्माला हसणाऱ्यांतली नव्हती. असल्या अंगानं देवळाची पायरी चढायची आणि असल्या हातानं ओटी भरायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. नारळ मांडीवर होता आणि तो तिला खाली ठेवता येत नव्हता. पायाशी ठेवावा तर देवीचा अपमान, माईंकडे द्यावा तर त्या ‘का’ विचारणार.

मागच्या जाळीवर टकटक झाली. विद्याधर होता. एरवी चारचौघांत बायकोशी शब्द न बोलणारा हा माणूस आज ओरडून विचारत होता, “अगं, दिसतंय ना नीट? त्रास होत नाही ना?”

“नाही हो,” उत्तरा म्हणाली.

“चौपाटी आली की सांगतो. तिथून दिसायला लागेल!”

त्याचा आवाज इतका खुशीत होता की तिला त्याचा रागच आला. मग स्वतःचा आला.

चर्चगेटपासून लॉरी मुंगीच्या पावलानं चालू लागली. पुढं लॉरी, मागं लॉरी, मधे घोडागाड्या, आणि माणसं तर अशी की रस्ता दिसेना. सगळी मुंबई आणि सगळी उपनगरं त्या रात्री दिवे बघायला बाहेर पडली होती. फाउंटनला एकेका इमारतीची कड न् कड दिव्यांनी आखली होती. तांबडे, हिरवे, पिवळे दिवे. खिडक्यांना माळा, कमानींना माळा. मागं ‘अय्या!’ आणि ‘अगं बाई!’ची नुसती झुंबड उडाली होती. नीलाचे यजमान श्यामसुंदर भावजी कुठली इमारत कुठली ते सगळ्यांना सांगत होते आणि निम्मं चुकीचं सांगत होते. एरवी उत्तराला हसू आवरलं नसतं. दोन महिने तिनं या दिवसाची वाट पाहिली होती. आजवर रोषणाईच्या दिवशी घर राखायला तीच मागं राहायची, कारण मुलंबाळं असलेल्यांनी जावं हे ओघानंच आलं. आज ती आली होती, आणि सगळ्यांत चांगली जागा तिला मिळाली होती. समोरच्या काचेतून अख्खा रस्ता पेटल्यासारखा दिसत होता. आणि ती मांड्या आवळून, नारळ धरून बसली होती. हे दिवे कधी एकदा संपतात असं तिला झालं होतं.

बोरीबंदरसमोर लॉरी थांबली ती थांबलीच. काशीराम उतरून बघून आला.

“तासभर तरी हलत नाय. मंडळी उतरून बघून या. मी हितंच हाय, पानाच्या गादीवर.”

मागच्या फळ्या धडाधड पडल्या. पोरं उड्या मारून उतरली. नीला केबिनच्या दाराशी आली. दिव्यांत तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता.

“वहिनी, चला ना! समोरून बघायला काय झकास वाटतंय!”

“मी बसते इथंच,” उत्तरा म्हणाली. “तुम्ही जा.”

“बरोबर आहे, तिनं उतरू नये,” माई म्हणाल्या.

“हो हो, उतरूच नये. गर्दीत धक्का लागायचा,” समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी री ओढली आणि दोघीतिघींनी माना हलवल्या. माईही तिच्यासाठी मागं राहिल्या. सगळे निघून गेले आणि केबिनमध्ये त्या दोघीच उरल्या.

समोर स्टेशनाची ती प्रचंड इमारत खालपासून घुमटापर्यंत दिव्यांनी भरली होती. माई हात जोडून बघत राहिल्या, जणू देऊळच.

उत्तरानं करंडी मांडीवरून हळूच उचलली आणि काचेखालच्या फळीवर ठेवली. त्याआधी तिथं करंडीवर झाकलेला कागद अंथरला. किती सावकाश केलं होतं तिनं! पण माईंची नजर ती.

“का काढलीस?”

“जड होतेय.”

“नारळ जड होतो?”

माईंनी करंडीकडं पाहिलं. खालच्या कागदाकडं पाहिलं. मग सुनेकडं पाहिलं. तिचे आवळलेले ओठ, पोटाशी धरलेला पदर, सीटच्या अगदी कडेला सरकून चोरलेलं अंग. सहा बाळंतपणं आणि त्यांतली चार मुलं गमावलेली बाई होती ती. तिला वेळ लागला नाही.

“कधीपासून?” माईंनी विचारलं.

“वरळीपासून.”

“आणि देवीची ओटी मांडीवर घेऊन बसलीस?”

“खाली कुठं ठेवू, माई?” उत्तरा म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. “कुणाला सांगू? कुठं जाऊ मी इथून?”

बाहेर कुणीतरी पिपाणी वाजवत गेलं. काशीरामची जागा मोकळी होती. माईंना तिकडं सरकता आलं असतं. हातभर नव्हे, चांगलं दोन हात अंतर ठेवता आलं असतं. त्या सरकल्या नाहीत. उत्तराच्या खांद्याला लागलेला त्यांचा खांदा होता तिथंच राहिला.

“मी दुपटी शिवायला नको होती,” माई म्हणाल्या. “घाई केली मी. माझंच चुकलं.”

“नाही हो माई.”

“तू गप.” माईंनी नाक पुसलं. मग हनुवटीनं समोर दाखवलं. “तो घुमट बघ. वर काय लावलंय बघ. एवढी आलीस ती बघून तरी घे.”

उत्तरानं वर पाहिलं. डोळ्यांतल्या पाण्यानं सगळे दिवे एकमेकांत मिसळून गेले होते.

मंडळी परतली ती चण्यांच्या पुड्या आणि कागदी झेंडे घेऊन. लॉरी हलली. चौपाटी मागं पडली आणि जाळीवर टकटक झाली.

“माई, महालक्ष्मीला थांबायचं ना?” विद्याधर होता.

“नको,” माई म्हणाल्या. “माझे गुडघे धरलेत. सरळ घरी.”

“अहो, पण ओटी?” नीलाचा आवाज.

“मग तुम्ही बसा लॉरीतच,” विद्याधर उत्साहानं म्हणाला. “मी आणि ही जाऊन येतो. दहा मिनिटांचं काम!”

उत्तरानं खिडकीची पट्टी घट्ट धरली.

“अक्कल आहे का तुला?” माई एवढ्या जोरात ओरडल्या की काशीरामनं ब्रेकवर पाय ठेवला. “दिवसभराच्या हेलपाट्यानंतर तिला देवळाच्या पायऱ्या चढवतोस? आं? घरी चल मुकाट्यानं!”

लॉरीत हशा पिकला. आजी होणार म्हणून माईंचा रुबाब बघा, असं कुणीतरी म्हणालं. विद्याधरही त्यात हसत होता. केबिनमध्ये दोघी समोर बघत बसल्या. महालक्ष्मीचा फाटा आला तेव्हा माईंनी बसल्या जागेवरून हात जोडले. उत्तरानं जोडले नाहीत.

वाडीच्या तोंडाशी उतरताना माईंनी अंगावरची शाल काढली आणि उत्तराच्या कंबरेभोवती गुंडाळून दिली. “गारवा आहे,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग करंडीतला नारळ काढून काशीरामच्या हातात दिला.

“हा ओटीचा ना, माई?” काशीराम गोंधळला.

“आमची राहिली ओटी. तुझ्या पोरांना होईल. घेऊन जा.”

काशीरामनं नारळ कपाळाला लावला आणि सीटवर ठेवला, नेमका उत्तरा बसली होती त्या जागेवर.

अंगणात पोचताच माई हलक्या आवाजात म्हणाल्या, “आजची रात्र आतच नीज. कुणाला काही बोलू नको. उद्याचं उद्या बघू.” मग मोठ्यानं म्हणाल्या, “काय मेली ती खडीची धूळ! नीला, माझं लुगडं दे बाहेर. मी डोक्यावरून अंघोळ करते.”

“या थंडीत? थांबा, पाणी तापत ठेवते.”

“काही नको. गारच बरं.”

उत्तरा मधल्या खोलीत उभी राहिली. विद्याधर मुलांना झेंडे वाटत होता. तिच्याकडं बघून हसला. म्हणाला, “पुढच्या सालाला तिघं जाऊ.” मागं विहिरीचा रहाट कुरकुरत होता. एक बादली ओतल्याचा आवाज आला, मग दुसरी. माई काहीतरी स्तोत्र म्हणत होत्या आणि त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. साठी उलटलेली बाई गार पाण्यानं न्हात होती आणि वर धुळीचं निमित्त सांगत होती. उद्या हीच माई कसलं तरी दुसरं निमित्त शोधेल, आणि हा माणूस रात्रभर आनंदात घोरेल, आणि आपण शेजारी जागं पडून राहायचं. उत्तराला ते सोसवेना.

तिनं कोनाड्याखालची घोंगडी घेतली, तांब्या घेतला, आणि सरळ मागल्या पडवीत गेली. कोपऱ्यात घोंगडी टाकली आणि भिंतीला टेकून बसली.

स्वयंपाकघराच्या दारात नीला होती. तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. समोरच्या बिऱ्हाडातला कंदील खिडकीत आला, थबकला आणि मागं गेला. विद्याधर दाराशी आला. त्यानं बायकोकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं. हातातला कागदी झेंडा कुठं ठेवावा हे त्याला कळेना. मग तो आत गेला. विचारायला काही उरलंच नव्हतं.

माई विहिरीवरून आल्या. केसांतून पाणी निथळत होतं. कोपऱ्यात सून दिसली तशा त्या पायरीवरच थांबल्या.

“सांगितलं होतं ना, आत नीज म्हणून?”

“बसते, माई,” उत्तरा म्हणाली. “आज ना उद्या बसायचंच आहे.”

माई तिच्याकडं बघत राहिल्या. घोंगडी आखूड होती, अंथरली तर पांघरायला उरत नव्हती, आणि लॉरीतली शाल उत्तराच्या गुडघ्यांवर घसरली होती. माई ओल्या पायांनी पडवी चढल्या. नीला दारातून घाईघाईनं म्हणाली, “माई, अहो, आत्ताच न्हालात तुम्ही!”

“दिसतंय मला,” माई म्हणाल्या.

त्या वाकल्या. शाल उचलून त्यांनी उत्तराच्या खांद्यांवर घातली, गळ्याशी नीट आवळली, आणि कपाळावर आलेले तिचे केस बोटांनी मागं सारले. मग परत पायऱ्या उतरून त्या विहिरीकडं गेल्या.

अंधारात रहाट पुन्हा कुरकुरायला लागला.